पैलवानाची अंडी

ती. आत्यास,

तुझ्या लाडक्या (आणि सध्या झोपेला महाग झालेल्या) भाच्याचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? जिना सावकाश चढ. घर हल्ली शांत असेल, दुपारी छान डोळा लागत असेल. आतोबा माझ्याकडे सुखरूप आहेत. ‘आधी गाणं सोडा, मग घरी या’ असं बजावून तू त्यांना इकडे धाडलंस. त्यांनी घर सोडलं, गाणं काही सोडलं नाही. (तुझ्या निर्णयावर बोलणारा मी कोण! माझ्या खोलीच्या भिंती पातळ आहेत, एवढंच आपलं कानावर घालतो.)

पण पत्राचं कारण ते नव्हे. कारण आमचं बेडूकघर. तुला ठाऊकच आहे, प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या अंगाला ती ओलसर खोली आहे आणि तिचा सगळा कारभार माझ्याकडे आहे. तिथे बेडकांची एक दुर्मिळ जोडी आहे. साहेबांनी साफ सांगितलं होतं की या हंगामात अंडी दिसली नाहीत तर बेडूकघराला कुलूप, तिथे पोपट येणार आणि मी तिकीटखिडकीवर जाणार. (सुट्ट्या पैशांवरून भांडणं माझ्या स्वभावात नाही, हे तू जाणतेसच.) म्हणून मी जिवाचं रान करत होतो. जोडीतला एक चांगला थोराड, रुंद पाठीचा, मान नसलेला. तो अर्थातच नर, नाव पैलवान. दुसरी जेमतेम त्याच्या निम्मी, ती नाजूका. साहेबांनी तशा पाट्यासुद्धा रंगवून घेतल्या. शेजारच्या काचेत सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा, बेडकांचा भाऊबंद) आहे, त्याच्या नराला हंगामात पाठीवर मस्त झालर फुटते, मग आम्हाला वाटलं की नर म्हणजे जो जास्त डोळ्यांत भरतो तो. (आपल्या घराण्यात बायका उंच आणि भरदार, पुरुष किरकोळ आणि तोंडाळ. आतोबा तर तुझ्या खांद्याला लागतात. एवढा पुरावा लहानपणापासून समोर असून मी फसलो. हे कौतुक आहे, कृपा करून कौतुक म्हणूनच वाच.)

आता पैलवान एखाद्या दिवशी भुकेच्या भरात बायकोलाच गिळेल या धास्तीने मी हंगाम रंगेपर्यंत मध्ये जाळी लावली. नाजूकाला शेवाळाचा कोपरा, रोज ताजे किडे, माहेरवाशिणीसारखी बडदास्त. आणि पैलवान? तो जो फुगायला लागला, तो दिवसेंदिवस गोल! मी त्याला आळशी ठरवलं, खाणं अर्ध्यावर आणलं. बिचारा माझ्याकडे जे बघायचा, ते आठवून आजही घास घशाखाली उतरत नाही.

अशात घरमालकिणीने आतोबांच्या रियाजाबद्दल अखेरचं बजावलं, म्हणून मी त्यांना बेडूकघरात घेऊन गेलो. तिथे तक्रार करणारं कोण? ते उलट्या बादलीवर बसले, डोळे मिटले आणि खालचा सूर लावला. (तोच, ज्याने तुझी कपाटातली भांडी थरथरतात.) आणि आत्या, जाळीपलीकडून उत्तर आलं! मी म्हटलं, पैलवान बोलला. आतोबा म्हणाले, “अरे, तो जाड्या गप्प आहे. ही बारकी गातेय, गळा बघ तिचा!” बघतो तर नाजूकाच्या गळ्याचा चांगला फुगा झालेला. तिला उचलून पुढचे पाय पाहिले, तर अंगठ्यांवर काळपट, खरखरीत गाद्या. या गाद्या नरालाच येतात, पाण्यात मादीची पाठ घट्ट धरता यावी म्हणून. पैलवानाचे अंगठे लोण्यासारखे मऊ, गळ्यातून आवाज नाही आणि पोटात खच्चून अंडी. म्हणजे ऐन बाळंतपणात मी त्या माउलीला उपाशी ठेवली होती, आणि तिच्या नवऱ्याला डोहाळे पुरवत होतो!

मी तत्काळ जाळी काढली. नाजूका (पाटी बदलेपर्यंत तिला हेच म्हणायचं) एका उडीत पैलवानाच्या पाठीवर. दुसऱ्या दिवशी पाणी दिसेना, नुसती अंडी! साहेब मला कडकडून भेटले, माझा शर्ट शेवाळाने बरबटलेला असताना. पोपट रद्द झाले. मी इतका खूश आहे की कालपासून मीही गुणगुणतोय.

सर्वांना नमस्कार. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझाच,
बेडूकघरवाला

ता. क. – आतोबा मजेत आहेत असं ते स्वतः सांगतात. पण जेवताना समोरच्या खुर्चीवर मला बसू देत नाहीत, ती तुझी म्हणे. मला फार वाईट वाटतं गं. ते तुला ‘मधली जाळी काढ’ असं सांगायला लाजतात, म्हणून मी सांगतो.

आणखी एक ता. क. – घरमालकिणीने गुणगुणण्यावरून मलाही बजावलंय. तेव्हा हे पत्र टपालात न टाकता आतोबांच्याच हाती देतोय. तू हे वाचत असशील तेव्हा ते दारातच उभे असतील, तोंड मिटून. आधी त्यांच्या हातातली बरणी घे. त्यात पैलवानाची पोरं आहेत. त्यातली निम्मी, मोठी झाली की, गाणारी निघतील.