खोकणारा वॉचमन

ठमे,

उठल्यावर मला शोधत बसू नकोस, दवाखान्यात चाललोय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

तुझा कॉम्प्युटर चालूच होता, म्हणून तू बनवतेयस तो गेम जरा खेळून पाहिला. गोदामाच्या गेटवरचा वॉचमन खोकला आणि मी दचकलोच. बॅटरी मांडीवर आपटत चालणं, प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघणं, सगळं माझंच उचललंस की गं! तीस वर्षं गेटवर उभा होतो, कुणी ढुंकून पाहिलं नाही. तू मात्र बारीक लक्ष ठेवून होतीस. बरं वाटलं.

आणि स्वतःचा खोकला दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर कळलं, तू महिनाभर माझं डोकं का खातेयस. म्हणून हा दवाखाना.

गेममध्ये पुढे जायचं तर त्या वॉचमनला मारावंच लागतं. मारला, काय करणार. मरतोही अगदी खऱ्यासारखा. पण दोन मिनिटांत तो गायब आणि फरशी स्वच्छ, जणू तिथे कुणी नव्हतंच. ते काही मला पटलं नाही. अगं, वॉचमन झाला म्हणून काय, त्याचीही घरी कुणीतरी वाट बघत असतं.

एवढं कर. तो पडला की गेटवरचा फोन वाजू दे. तू शाळेत असताना रोज रात्री आठ वाजता घरून करायचीस ना, "बाबा, जेवलात का?" विचारायला, तसा. खेळणाऱ्याला तो उचलता येऊ नये. नुसता वाजत राहू दे.

बाबा