तलावाची तारीख

३ फेब्रुवारी

वन्सं वेड्या झाल्यात! तलाव पोहून पार करायचा म्हणे. दोघींनी. मे महिन्यात. माझं नाव मला न विचारताच देऊन आल्या.

"वन्सं, मला पोहता येत नाही."

"मला तरी कुठे येतंय? म्हणून तर मे. उद्याच असतं तर पंचाईत होती."

साठी उलटली, पण हौस बघा! लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. रेल्वे स्टेशनवर माईकवरून गाड्या पुकारण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी सगळ्या गल्लीला कळतं.

हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. त्यांचा भाऊ, माझा नवरा. एकाच माणसाचं दुःख, पण बोलत नाही त्यावर. मी तर पुढचं काही ठरवणंच सोडून दिलंय. सकाळी दातांचा दवाखाना, दिवसभर कवळ्या घडवायच्या, घरी यायचं, झोपायचं. पुढच्या महिन्याचं कुणी काही काढलं की मी उठून भांडी घासायला लागते.

नाही म्हणून सांगितलंय. ठामपणे.

५ फेब्रुवारी

पोहायचे कपडे आणले. नुसते बघायला गेले होते! घालून आरशासमोर उभी राहिले आणि दार लावून एकटीच हसत सुटले. कितीतरी महिन्यांनी.

९ फेब्रुवारी

पोहण्याच्या क्लासचा पहिला दिवस. पाणी गार, नाकात क्लोरिन, आजूबाजूला माशासारखी पोरं. शिकवणारे मास्तर म्हणजे टक्कल, गळ्यात शिटी आणि ओठ झाकणाऱ्या मिशा. मी कठडा सोडेना.

"बाई, कठडा कुठे पळून जात नाही. सोडून बघा."

सोडला. बुडाले. खोकत वर आले तर वन्सं माझ्याकडे बघून हसताहेत— आणि हसता हसता त्याही बुडाल्या! मास्तरांनी त्यांना दंडाला धरून वर काढलं.

२६ फेब्रुवारी

तरंगले. मी!!

१४ मार्च

आज कवळी घासता घासता गुणगुणत होते. डॉक्टर आत डोकावले. "काय, लॉटरीबिटरी लागली की काय?"

काय सांगू? हातात काही नाही, झालेलं काही नाही. पण सकाळी डोळे उघडले की आधी तलाव आठवतो. टॉवेल कुठला न्यायचा, निघायचं कधी, पलीकडे पोहोचल्यावर गरमागरम काय प्यायचं... हात काम करतात आणि मन पोहून येतं.

दुपारी म्हातारे पेन्टर आले, कवळीचं माप द्यायला. कवळी बसली की मक्याचं कणीस खाणार म्हणाले. "रोज मनातल्या मनात एक खातो. आजवर एकही कच्चं निघालेलं नाही." दोघंही हसलो. त्यांची कवळी मी जरा जास्तच निगुतीनं करणार आहे.

२ एप्रिल

वन्संना विचारलं, एवढी वाट बघायची आणि ऐन वेळी सगळं फिसकटलं तर?

त्या बटाटे सोलत होत्या. "अगं, जन्मभर फलाट बघितलाय मी. गाडी आली की लोक सामान मोजायला लागतात, हमालाशी भांडतात. आधी बघावं त्यांच्याकडे! केस नीट करतील, टाचा उंचावतील. तो आनंद खोटा का?"

मग सुरी थांबली. "त्याला न्यायला मी स्टेशनवर जायचे ना, शिकायला बाहेरगावी होता तेव्हा... तासभर आधी जाऊन बसायचे."

यांच्याबद्दल वर्षभरात पहिल्यांदाच बोललो. बटाटे तसेच राहिले. रडलो, मग हसलो, मग बाहेरून मागवून जेवलो.

११ मे

रद्द! तलावात शेवाळ माजलंय, पाण्यात उतरायला बंदी. मास्तर स्वतः सांगायला आले. मी न्हाणीघरात जाऊन ढसाढसा रडले. एका तलावासाठी! कोण म्हणेल ही शहाणी बाई आहे?

१२ मे

नवी तारीख— जूनचा दुसरा रविवार. आणि गंमत म्हणजे आत कुठेतरी बरंच वाटलं. वाट बघायला आणखी दिवस, तेही फुकटात!

पेन्टरांची कवळी दिली. उद्या कणीस.

जून, दुसरा रविवार

झालं! केस अजून ओले आहेत, वहीवर थेंब पडताहेत.

निम्म्यावर वन्संच्या पायात गोळा आला. मास्तर होडी घेऊन सोबत होतेच, त्यांनी वर ओढून घेतलं. मी थांबले. "मीही येते होडीत," म्हणाले.

"खबरदार! एक तरी पोहोचलीच पाहिजे."

एकटी निघाले. सगळे पुढे गेलेले. काठ काही जवळ येईना. दम तुटला, वाटलं, सोडावं. तेवढ्यात मागून तो आवाज! मास्तरांचा कर्णा हिसकावून वन्संनी सुरू केलं होतं— "कृपया लक्ष द्या! आमच्या वहिनी उशिरा धावत आहेत, पण येत आहेत! गैरसोयीबद्दल अजिबात खेद नाही!"

काठावर हसण्याचा फवारा उडाला. मीही हसले, पाणी गिळलं, हात मारले. आणि एकदम पायाला चिखल लागला. चिखल! एवढं सुंदर काही पायाला लागलं नव्हतं.

सगळ्यांत शेवटी आले. टाळ्या सगळ्यांत जास्त.

सोमवार

सकाळी चहाच्या कपात बघत वन्सं म्हणाल्या, "मास्तर विचारताहेत. लग्नाचं. मी हो म्हटलंय. म्हणजे... तिकडे राहायला जाईन मी." आवाज इतका बारीक की मलाच जेमतेम ऐकू आला.

घर एकदम मोठं दिसायला लागलं. त्यांच्या खोलीचं दार, त्यांची चप्पल, सगळं.

मग मी खुर्ची पुढे ओढली.

"तारीख कधीची?"