गायक खोकतो ती जागा

३ मार्च
कालच्या शोला साउंड मिक्सरवर मीच. गिटार टिपेला पोचली तशी पुढच्या रांगांनी दोन्ही हात कानांकडे नेले. अशी दाद फार दिवसांनी मिळाली. घरी येताना पोरगी म्हणते, बाबा, ती दाद नव्हती, स्पीकर किंचाळत होता. हल्लीच्या पोरांना आवाज सोसतच नाही.

५ मार्च
पोरगी अडून बसलीय. एप्रिलच्या मोठ्या शोला मिक्सरवर ती बसणार. मी आधी कान तपासून घ्यायचे. मी! स्पीकरची खोकी वाहता वाहता हा धंदा उभा केला, तो याच कानांच्या जिवावर. बायकोला म्हटलं, तुझं काय मत? ती गप्प. म्हणजे माझ्याच बाजूची. (पोरगी म्हणते, आई बोलली. दोनदा.)

६ मार्च
ठराव : डॉक्टरचं तोंड बघणार नाही.

८ मार्च
तोडगा सापडला. परीक्षा घरीच. पहिल्या पगारात घेतलेली ती हेवी मेटलची लाइव्ह रेकॉर्ड लावायची. बँड फुटला, गायकाला टक्कल पडलं, पण ती रेकॉर्ड अजून अंगावर काटा आणते. घासूनपुसून केलेली नाही, म्हणून. दुसऱ्या बाजूला गायक मध्येच खोकतो. ड्रमरची काठी निसटते, तो एका हाताने ठेका रेटतो. पब्लिकमधला एक गाढव भलत्याच जागी ओरडतो. मी डोळे मिटून बसायचं आणि प्रत्येक जागेला हात वर करायचा. चुकलो तर मिक्सरची खुर्ची पोरीची. लगेच कबूल झाली. भोळी आहे बिचारी.

९ मार्च
सराव नको. वाघाला शिकार कोण शिकवतं? तरी आंघोळ करताना मनातल्या मनात पूर्ण बाजू वाजवली. जेवण गेलं नाही.

१० मार्च, संध्याकाळी
पोरगी रेकॉर्डपाशी, बायको सोफ्यावर. सुई टेकताना पाहिली, डोळे मिटले. खोकला : हात वर. काठी : हात वर. गाढव : हात वर, शिवाय त्याच्यासोबत मीही ओरडलो. एकही जागा हुकली नाही! विजयी मुद्रेने डोळे उघडले.
टाळ्या नाहीत. बायकोच्या डोळ्यांत पाणी. पोरीचे नुसते ओठ हलत होते. मग तिने बोट दाखवलं. तबकडी थांबलेली. डोळे मिटल्या मिटल्याच तिने सुई उचलून ठेवली होती.

११ मार्च
आता बोला! न लावता वाजते अशी दुसरी रेकॉर्ड दाखवा.

१४ मार्च
दवाखाना. केवळ बायकोच्या समाधानासाठी. आमचा नंबर चार वेळा पुकारला म्हणे. शेवटी तिने कोपर मारलं. कानाचं मशीन घ्यावं लागलं.

७ एप्रिल
काल मोठा शो झाला. मिक्सरवर पोरगी. मी खोकी वाहिली, पूर्वीसारखी. मशीन खिशात होतं, बॅटरी वाचवायला. शेवटपर्यंत पुढच्या रांगेवर नजर ठेवून होतो. एकानेही कानाला हात लावला नाही.
पोरीला अजून दाद मिळत नाही. शिकेल हळूहळू.