सहा डबे आणि माझी खोली

३ फेब्रुवारी, मंगळवार
व्याही आले. सुनेचे वडील. सोबत एक पिशवी आणि माझ्या कमरेएवढे सहा डबे. "चार दिवसांचं काम आहे," मुलगा म्हणाला. गच्चीवरच्या एरियलची तार माझ्या खिडकीतून खाली येते, म्हणून काम माझ्याच खोलीत. माझी खाट पॅसेजमध्ये. मला विचारलं — खाट उचलून झाल्यावर.

४ फेब्रुवारी
डब्यांना म्हणतात डुप्लेक्सर. टॅक्सीवाल्यांच्या जुन्या रेडिओ स्टेशनातले; व्याही तिथेच कामाला होते. आता मुलाचं हौशी रेडिओ मंडळ ते टेकडीवर बसवणार, म्हणून मंडळाच्या रेडिओलहरींशी जुळवून घ्यायचे. व्याही समजावत होते, "एकाच एरियलवरून बोलायचं आणि ऐकायचंही, विहीणबाई. आपलाच आवाज आपल्या कानात घुसू नये म्हणून हे डबे."
मी म्हटलं, "तुमच्या मुलीला एक बसवा."
सून दिवसभर बोलली नाही. तेवढीच शांतता.

६ फेब्रुवारी
येणारा-जाणारा माझ्या खाटेला अडखळतो आणि माझ्याकडेच रागाने बघतो. व्याही माझ्या खिडकीशी, माझ्या खुर्चीत. डब्यावरची दांडी केसभर फिरवायची, मीटरवरच्या रेघेतला खड्डा खुणेवर आणायचा, नट आवळायचा. आवळताना दांडी हलली की पुन्हा पहिल्यापासून.
"पंखा नको, विहीणबाई. हवा बदलली की हे सरकतं."
पंखा माझा!

७ फेब्रुवारी
व्याही फिरायला गेले. चौथ्या डब्याचा नट सैल केला, दांडी पाव फेरा फिरवली, नट परत आवळला. हाताला अजून जोर आहे. जमलं नाही की तोंड पाडून जातील घरी.

८ फेब्रुवारी
"काल तर चौथा खुणेवर बसला होता," व्याही.
"उन्हाने सरकला असेल," मुलगा.
मी भाजी निवडत होते.

११ फेब्रुवारी
रोज पाव फेरा. रोज हा माणूस नव्याने बसतो. कुरकुर नाही, वैताग नाही. वर शीळ घालतो.

१४ फेब्रुवारी
मीच मूर्ख. काम बिघडलं की पाहुणा राहतो, हे कळायला मला आठवडा लागला. आता बोट लावणार नाही. होऊ दे आणि जाऊ दे.

१५ फेब्रुवारी
सहाही बसले. मुलगा म्हणाला, "आई, मंगळवारी मंडळाचे लोक नेतील. मग खोली तुझी." धुतलेली चादर काढून ठेवली.

१६ फेब्रुवारी
चौथा पुन्हा सरकला. मी हात लावलेला नाही. मुलाने मंडळाला शनिवार सांगितला. चादर परत कपाटात.

१८ फेब्रुवारी
मुलगा कामावर, सून बाजारात. चष्मा घ्यायला खोलीत गेले. व्याही डब्यावर वाकून दांडी फिरवत होते. चांगली फेराभर. मला बघून पाना खाली ठेवला.
"तिकडे माझ्या मुलाने घराचं कुलूप बदललंय, विहीणबाई. इथे मुलीला सांगितलेलं नाही."
माझी खिडकी. माझी खुर्ची. चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.
मग म्हटलं, "फेराभर फिरवलंत तर माझ्या मुलाला कळेल. पावच फिरवायचं."