धनेशाच्या झाडाखाली

खानापूरच्या पलीकडचं रान,
१२ मे १९८२

आक्का,

जयभीम. मी बरी आहे. आईचा खोकला कमी झाला का? वखारीत तंबाखूची धूळ उडते तेव्हा तोंडाला फडकं बांधत जा, नुसतं खांद्यावर टाकून बसू नकोस. तुला वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढतेय.

शिबिर कसं आहे विचारलंस. कॉलेजच्या पोरांना उन्हाळी सुट्टीत अभयारण्यात ठेवायचं आणि पाखरं-जनावरं कशी जगतात ते शिकवायचं, असं कागदावर आहे. शिकवणार आमचे सर. ते उन्हं डोक्यावर आली की उठतात. तोवर पाखरं आपापल्या कामाला गेलेली असतात, म्हणून सर आम्हाला पुस्तकातली दाखवतात. पोरं गळ्यात दुर्बिणी अडकवून एकमेकांचे फोटो काढतात. धारवाडची एक शैलजा आहे, ती रानात पावडर लावून येते आणि गोचीड दिसली की बोंबलते. तिला तर मी पहिल्याच दिवशी मनातून बाद केलं.

माझ्याकडं धनेशाचं काम आहे. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. अंडी, पिल्लं, सगळं आतच. तिची पिसंसुद्धा झडलेली असतात. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवतो. मी पहाटेपासून समोरच्या झुडपात बसते आणि तो काय आणतो, किती वेळा येतो, ते लिहिते. एवढं मन लावून मी आजवर काही केलं नव्हतं.

भाऊ इथनं जवळच बेळगावात, तर अण्णा भेटला का, हे तू दोनदा लिहिलंस. मघापासून तेच टाळतेय. सांगते.

गेल्या आयतवारी सरांचे मेहुणे जीप घेऊन आले. ते बँकेतले मोठे साहेब. सोबत त्यांच्या बँकेतली माणसं, कोंबड्या आणि रेडिओ. रानात येऊन रेडिओ ऐकणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली. जेवणाआधी त्यांना काहीतरी 'बघायचं' होतं. सर त्यांना थेट माझ्या झाडाशी घेऊन आले आणि वॉचरला म्हणाले, "शिडी लाव. लिंपण फोड आणि साहेबांना पिल्लू दाखव."

मी बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "सर, फोडलं तर आतली जगायची न्हाईत."

"बाजूला हो."

"न्हाई व्हणार."

सर पाहुण्यांकडं बघून हसले. "सरकारनं जागा राखून ठेवल्या की असले नमुने येतात. काय शिकवणार यांना?" सगळे हसले. मग सर एका पाहुण्याकडं वळले. "बी. एस. साहेब, तुम्ही पण निपाणीचेच ना? ओळखता का हिला?"

आक्का, तो आपला अण्णा होता. त्यांच्यात त्याला बी. एस. साहेब म्हणतात. भीमाप्पा नाही, कांबळे तर नाहीच. दोन अक्षरांखाली सगळं घर झाकून टाकलंय त्यानं.

अण्णा म्हणाला, "निपाणी काय लहान गाव आहे का, सर? असेल कुणीतरी." आणि सगळ्यांबरोबर हसला.

मला रडू आलं नाही. किळस आली. मेलेल्या उंदरावर पाय पडावा तशी.

वॉचर शिडी धरून उभा होता. तेवढ्यात शैलजा आली आणि माझ्या शेजारी बुंध्याला टेकली. "ब्याड री, सर," म्हणाली. कानडीत 'नको'. वर हेही म्हणाली, की फोडलं तर मी माझ्या आप्पांना कळवीन. तिचे आप्पा धारवाडचे मोठे वकील. सरांचं तोंड एकदम उतरलं. "चला चला, जेवण गार होतंय," म्हणत ते पाहुण्यांना घेऊन गेले. माझ्या 'न्हाई'ला किंमत नव्हती, तिच्या बापाच्या नावाला होती. पण ती आपणहून आली. तिला मी चुकीचं जोखलं होतं.

जेवणानंतर अण्णा चोरासारखा स्वयंपाकाच्या खोपटामागं आला.

"समजून घे गं, तानू. प्रमोशन अडलंय माझं. तू सरांची माफी माग, शिबिराचं सर्टिफिकेट मी मिळवून देतो."

"कोण म्हणून मिळवून देणार?" मी विचारलं.

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला तसा पळाला, सफारी सुटाला चुण्या पडू नयेत असं जपत.

सर्टिफिकेट मिळणार नाही, असं सरांनी काल सगळ्यांसमोर सांगितलं. न मिळू दे. त्यांच्या सहीचा कागद घेऊन मी काय करू? आज सकाळी नर उंबरं घेऊन आला आणि फटीतून दोन चोची बाहेर आल्या. पिल्लू मोठं झालंय.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी परत परत वाचली. वैनीला दिवस गेलेत, अण्णानं तुला बेळगावला कायमचं बोलावलंय, वखार सोडून ये म्हणालाय. किती खूश होऊन लिहिलंस. तू चौथीतनं शाळा सोडून वखारीत बसलीस म्हणून तो शिकला, त्या घरावर तुझा हक्क आहे. जाऊ नको असं मी म्हणणार नाही. पण वखार सोडायच्या आधी त्याला समोर बसवून एवढं विचार: दारात बँकेतलं कुणी आलं आणि "ही कोण?" म्हणालं, तर तू काय सांगशील? त्याच्या शब्दांकडं लक्ष देऊ नकोस. तोंडाकडं बघ.

कुणीही विचारलं तरी तुझीच धाकटी बहीण,
तानुबाई