दोन बोटं माया

प्रिय प्रणित,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. या घडीला तू मला अजिबात प्रिय नाहीस, हे आधीच सांगते. फोन का केला नाही म्हणून विचारशील. तुझा फोन कायम स्पीकरवर, शेजारी तुझी चार माणसं, आणि मी तोंड उघडलं की "ताई, मीटिंगमध्ये हाय, नंतर करतो." व्हॉट्सॲपवर काही लिहिलं तर जोडलेले दोन हात पाठवतोस. म्हणून कागदावर लिहिते आहे. काशिरामच्या रिक्षातून पाठवतेय आणि तुझ्याच हातात द्यायचं असं त्याला बजावलंय.

परवा अस्तराचं कापड आणायला पनवेलच्या बाजारात गेले होते. एसटी स्टँडसमोर तुझा बॅनर बघितला. बघितला म्हणजे काय, बघावाच लागतो, त्याच्यामागचं औषधाचं दुकान दिसत नाही एवढा मोठा आहे. वर साहेब लोकांची रांग, मधोमध तू गॉगल लावून हात जोडलेला, आणि खाली कोपऱ्यात आपली दिपू. धावतानाचा फोटो, तोंड वेडंवाकडं झालेलं. तिच्या खाली लिहिलंय 'भावी ऑलिम्पिकपटू' आणि तुझ्या खाली 'भावी नगरसेवक प्रणितशेठ'. एका बॅनरवर दोन भावी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझं भावीपण मला माहीत आहे, गेल्या निवडणुकीपासून तू भावीच आहेस. या वेळी पडलास तर पुढच्या वेळी परत भावी होशील, तुमच्यात ते चालतं. तेरा वर्षांच्या पोरीला ती सोय नसते रे. तिचं एकदा चुकलं की त्याच स्टँडवर उभी राहून लोक म्हणणार, हीच ना ती बॅनरवाली?

तुला वाटेल ताईला भाचीचं कौतुक नाही. कौतुक आहे. तिला धावताना बघितलं की माझ्या अंगावर काटा येतो. शाळेच्या स्पर्धेत तीन हजार मीटरला ती मुलांना मागे टाकून येते आणि थांबल्यावर तिला नीट धापही लागलेली नसते. पण ते पाय कुठून आले हे मला तिच्या कोचने, त्या हितेश सरांनी, शिकवायची गरज नाही. आपल्या मिठागराच्या बांधावरून मी अनवाणी धावायचे तेव्हा हे सर जन्मालाही आले नसतील. त्या बांधावर आता विमानतळाचं कुंपण आहे, म्हणून तू विसरलास. मी नाही विसरले.

सातवीत मी जिल्ह्यात पहिली आले ते तुला आठवतं का? तू लहान होतास. बाबांनी अख्ख्या गावात पेढे वाटले आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले, "आमची सत्या म्हंजे घोडी हाय घोडी, ती थांबाची नाय." रोज संध्याकाळी बाबा बांधावर येऊन उभे राहायचे. पुढच्या वर्षी मी वयात आले. आपल्या आजीने, भामाआईने, आळीत गूळखोबरं वाटलं, मला नवं परकर-पोलकं शिवलं, ओटी भरली. माझ्या मोठं होण्याचा कोणाला आनंद झाला असेल तर तो तिला एकटीला. मग अंग भरायला लागलं, कंबर रुंदावली, पाय जड वाटायला लागले. स्पर्धेत मी चौथी आले, मग सातवी, मग कोणी मोजेना. आमचे तेव्हाचे सर बाबांना म्हणाले, संपली ही. माझ्यासमोर म्हणाले. मी तिथेच उभी होते, घामाने ओली, आणि मी चौदा वर्षांची होते. चौदाव्या वर्षी माणूस कसं संपतं, सांग मला! पण बाबांना ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते बांधावर यायचे बंद झाले आणि मग मीही. बाबांवरचा तो राग अजून गेलेला नाही. ते गेले तेव्हा रडताना मध्येच मला तो राग आला होता. आज पहिल्यांदा कोणाला तरी सांगतेय.

आणि माझ्यासोबत शबनम धावायची, दाऊदचाचांची मुलगी, बाजारात ज्यांचं जाळी आणि दोरखंडाचं दुकान होतं. आठवली का? सातवीत ती नेहमी मागून दुसरी नाहीतर तिसरी. तिला कोणी पेढा दिला नाही, कोणी घोडी म्हटलं नाही. चाचांना लोक म्हणायचे, मुलीला कशाला पळवता, तर ते हसून म्हणायचे, "तिला मजा येते ना? मग खुदा का नाम लेके पळू दे, आपलं काय जातंय?" तिचंही अंग भरलं, तीही मंदावली, पण तिला संपली म्हणायला कोणी उभंच नव्हतं. म्हणून ती धावत राहिली. कॉलेजात गेल्यावर तिच्या पायांना वेग आला, आणि विद्यापीठाकडून ती धावली तेव्हा मी सासरी भाकऱ्या थापत होते. आज ती शाळेत खेळाची बाई आहे आणि या वयातही, मी सकाळी फिरायला निघाले की, धावत मला गाठून पुढे निघून जाते. ती म्हणते, बारा-तेरा वर्षांच्या पोरांकडे बघून पुढचं सांगणारा माणूस एकतर देव असतो नाहीतर थापाड्या. मुलींचं तर आणखीच. शरीर बदलतं तेव्हा वर्ष दोन वर्षं वेळ घसरते, घसरू द्यायची. पोटभर खाऊ घालायचं, गंमत म्हणून धावू द्यायचं. ज्यांना थांबू दिलं त्या परत येतात, ज्यांना पिळून काढलं त्या येत नाहीत. तिने हे तुलाही सांगितलं होतं, तुझ्या ऑफिसात येऊन. तू तिला चहा पाजलास आणि विसरून गेलास.

तुझे हितेश सर काय म्हणतात ते मात्र तुझ्या चांगलं लक्षात राहतं. गणपतीत तुझ्याकडे आले होते, मी आत मोदक वळत होते, मला सगळं ऐकू येत होतं. "शेठ, आता आहे तोवर पळवून घ्या, मुलींचं पुढे काही खरं नसतं." आणि तू मान डोलावलीस. अरे, बॅनरवर भावी लिहितोस आणि घरात पुढचं काही खरं नाही म्हणणाऱ्या माणसाला फी देऊन ठेवतोस! दोन्हींपैकी एक काहीतरी ठरव. दिपू तेव्हा माझ्या शेजारी बसली होती. तिने मोदक ताटात परत ठेवला. मी म्हटलं खा गं, तर म्हणाली, भूक नाही आत्या.

आता माझ्या कामातलं एक सांगते, हसू नकोस. मी बायकांचे कपडे शिवते, मला दुसरं काय कळतं? पण वाढत्या मुलीचा ड्रेस शिवताना आम्ही शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो. दोन बोटं, कधी तीन. वरून दिसत नाही. मुलगी वाढली की शिवण उसवायची, ते कापड बाहेर घ्यायचं, तोच ड्रेस आणखी वर्षभर अंगाला येतो. त्याला माया म्हणतात. कोणी नाव ठेवलं माहीत नाही, पण बरोबर ठेवलं. गेल्या दिवाळीला दिपूचा ड्रेस शिवला तेव्हा मी भरपूर माया ठेवली होती, आपल्याकडच्या मुली या वयात झाडासारख्या वाढतात म्हणून. या दिवाळीत तो उसवायला घेतला. उसवायची गरजच नव्हती. तोच ड्रेस तिला खांद्यावर सैल झाला होता. वर्षभर पोर वाढलीच नाही, उलट आटली. मी टेप लावून परत माप घेतलं. ती म्हणाली, सर म्हणतात हलकं असलं की पाय उचलतात, म्हणून रात्री ती फक्त काकडी खाते. माझ्या घरी येते तेव्हा दोन भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण चाटूनपुसून खाते आणि वर म्हणते, बाबांना सांगू नकोस. आपल्या घरात पोटभर जेवणं ही लपवायची गोष्ट कधीपासून झाली रे?

तिच्या नडगीवर सूज आहे. तुला माहीत आहे का? नसेल. ती घरात शिरली की तुझा पहिला प्रश्न असतो, "किती आला टाईम?" पाणी प्यायच्या आधी, बूट काढायच्या आधी. ती मला करून दाखवते तुझी नक्कल, आणि आधी आम्ही हसायचो. आता नाही हसत. शबनम तिला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती, हो, तुला न विचारता. डॉक्टर म्हणाले हाडाला बारीक चीर जायच्या बेतात आहे, दीड-दोन महिने धावायचं नाही. दिपूने वाटेत शबनमला शपथ घातली. शबनम तुला सांगायलाच निघाली होती, मीच तिला थांबवलं. म्हटलं, हे माझ्या घरचं भांडण आहे, मला करू दे.

आणि तू काय करतोस, तर रविवारी स्वतःच्या नावाची दौड ठेवतोस. दहा किलोमीटर, डांबरी रस्त्यावर, मोठ्या माणसांबरोबर, आणि शेवटी स्टेजवर मुलीचा सत्कार, ढोलताशा, ड्रोन. तुझ्या त्या नव्या बूटवाल्या कार्यकर्त्या पोरांपैकी एकालाही वाटलं नाही की तेरा वर्षांची मुलगी एवढं का धावणार आहे. वाटलं असेल तर मूग गिळून बसली असतील, शेठला कोण बोलणार? मी बोलणार. लहानपणी तुझं नाक मी पुसलंय, मला तुझ्या गॉगलची भीती वाटत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल दुपारी दिपू माझ्याकडे सत्काराचा ड्रेस घालून बघायला आली. पडद्यामागे गेली ती बाहेरच येईना. आत डोकावले तर जमिनीवर गुडघे घट्ट धरून बसलेली, आवाज न करता रडत होती. पाळी आली होती. पहिली. घाबरली नव्हती, शाळेत बाईंनी सगळं सांगितलंय. कशासाठी रडत होती माहीत आहे? म्हणाली, "आत्या, बाबांना नको सांगू. सर म्हणतात हे आलं की मुली संपतात. मी संपले का गं?" तोच शब्द, प्रणित. एवढ्या वर्षांनी माझ्या दुकानाच्या फरशीवर बसून, माझ्याच रक्ताच्या पोरीच्या तोंडून. मग तिने दप्तरातून धावायचा टॉप काढला आणि म्हणाली, हा छातीवर आवळून दे, अजून घट्ट, आणि या वेळी माया ठेवू नकोस, कापूनच टाक, परत मोठा करता येईल असं आत काहीच ठेवू नकोस. मी वहिनीला फोन केला. ती आली, लेकीला मिठीत घेऊन बसली, आणि तुला तिने सांगितलं की ड्रेस राहिलाय म्हणून दिपू ताईकडे राहतेय. तुझी बायको तुझ्याशी खोटं बोलली, कारण ही आनंदाची बातमी तुला सांगायची तिला भीती वाटते. जरा विचार कर त्याचा. आम्ही दोघींनी तिची ओटी भरली, सुकापूरच्या या गल्लीत दारोदार गूळखोबरं वाटलं, तिने दोन वाट्या शिरा खाल्ला आणि पांघरूण डोक्यावर घेऊन झोपली. टॉप मी कापला नाही. उसवून त्याला बाजूने दोन पट्ट्या जोडल्या आणि माया ठेवली, दोन नाही, चार बोटं. रविवारी ती धावणार नाही, सत्काराला येणार नाही, आणि हितेश सरांनी माझ्या दुकानाची पायरी चढून दाखवावी. तुला तुझी लेक न्यायची असेल तर आधी तो बॅनर उतरव आणि इथे घेऊन ये, माझ्या दुकानाच्या पत्र्यावर पावसाळ्यात घालायला होईल. मग तिच्यासमोर बस. आणि टाईम विचारू नकोस. जेवलीस का, एवढंच विचार, आणि ती उत्तर देईपर्यंत थांब.

तुझीच,
सत्याताई