पाच नंबरवर कोण आहे?

सोमवार, ३ मार्च. सकाळी १०.
ताईकडे येऊन सोळा दिवस झाले. हॉलमधला सोफा आता माझ्या मापाचा झालाय. आजपासून भरकटणं बंद. एक काम हातात घ्यायचं आणि तडीस न्यायचं.

काम: रविवारी संध्याकाळी पाचला माझ्या गेम सर्व्हरचं उद्घाटन. मी जिथे जिथे नोकऱ्या सोडल्या तिथले सहा दोस्त सहा गावांतून एकाच गेममध्ये येणार आणि मिळून शहर बांधणार. सर्व्हर म्हणजे सोफ्यामागचा माझा जुना लॅपटॉप. बाहेरून आलेल्याला राउटरने त्याच्याकडे पाठवायचं, एवढंच बाकी आहे. दोन मिनिटांचं काम.

ताईने बजावलंय की शुक्रवारी अकराला भाओजींचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, पाच महिन्यांनी पहिला. नेटची वाट लावलीस तर दुसरं घर बघ. मी म्हटलं, ताई, मी काय लहान आहे? ती म्हणाली, लहान असतास तर कडेवर घेऊन बाहेर ठेवला असता.

मंगळवार, ४ मार्च.
दोन मिनिटांचं काम चालू. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो. माझ्या लॅपटॉपला पाच मिळालाय. गेमच्या पोर्टवर, म्हणजे नेटच्या दारावर, जो येईल त्याला पाच नंबरकडे पाठव, असं राउटरला सांगायचं. त्याचा व्हिडिओ बघताना शेजारीच काचेची बाटली दोऱ्याने कापायचा व्हिडिओ दिसला. दुपार त्यात गेली. बाटली शाबूत. बोट कापलं.

४.३०. डाव्या हाताने पोर्ट उघडलं आणि राउटर बंद-चालू केला. गोदामाच्या नोकरीतला दोस्त, ज्याला सगळे चष्मा म्हणतात, तो म्हणाला की येता येत नाहीये. त्याचं नेट बोगस.
५.००. एक जालीम सेटिंग सापडलं. बाहेरून जे काही येईल ते सगळं पाच नंबरकडे. एकेक पोर्ट कशाला उघडत बसायचं? सगळीच उघडली. राउटर पुन्हा बंद-चालू केला. चष्मा अजून बाहेरच. आता दोष शंभर टक्के त्याचाच.

बुधवार, ५ मार्च. दुपारी २.१५.
घरात मी एकटा. कोणी हात न लावता प्रिंटर गुरगुरला आणि एक कागद बाहेर आला. वर काही इंग्रजी अक्षरं, खाली नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. मी घाबरत नाही. जिन्यात बसून लिहितोय, कारण इथे हवा चांगली येते.
२.४०. आतून पुन्हा आवाज. दुसरा कागद असणार. खात्री करायला आत जायची गरज नाही.
५.५०. ताई आली. पायऱ्यांवर काय करतोयस, म्हणाली. तुझी वाट बघतोय, म्हटलं. तिने स्वतःच्या कपाळाला हात लावला. तिच्या आधी आत घुसून कागद गोळा केले. नऊ. सोफ्याच्या गादीखाली आहेत. त्यांच्यावर झोपायचंय.

गुरुवार, ६ मार्च.
आज एका कागदावर धड वाक्य. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत: तुमचा प्रिंटर सगळ्या जगाला दिसतोय, लवकर बंदोबस्त करा. सही नाही.

म्हणजे कोणीतरी आत शिरलाय आणि प्रिंटरवरच्या स्कॅनरच्या काचेतून हॉल बघतोय. या हॉलमध्ये मी एकोणीस दिवस बनियनवर वावरतोय. काचेवर टॉवेल टाकला. टॉवेलवर डिक्शनरी ठेवली. मग वायरच काढली.

ताईला सांगायचं ठरवलं. मग दुसरं घर आठवलं. ते नाहीये. उद्या इंटरव्ह्यू आटोपला की सांगेन. याला संयम म्हणतात.

भाओजींनी विचारलं, वायर का काढलीस? तापला होता, म्हटलं. बरं, म्हणाले. एकच शर्ट तिसऱ्यांदा इस्त्री करत होते.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी १०.४०.
भाओजींनी सर्टिफिकेट छापायला प्रिंटर लावला आणि तसाच चालू ठेवला. आता हॉलमध्ये बसलेत, पाठ प्रिंटरकडे. मी स्वयंपाकघराच्या दारातून पहारा देतोय. हातात लाटणं आहे ते पोळ्यांसाठी.

१२.३०. जे झालं ते असं. अकरा वाजून बारा मिनिटांनी पहिला कागद. भाओजी बोलत राहिले. दुसरा, तिसरा. घरात शिरलेला तो आता इंटरव्ह्यूतही शिरणार हे मला कळून चुकलं. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून रांगत गेलो आणि प्रिंटरला मिठी मारली. त्यानंतर मी ‘भाओजी, पळा’ असं ओरडलो म्हणे. मला आठवत नाही.

१.१५. भाओजींनी राउटरची सेटिंग दहा मिनिटांत तपासली. मंगळवारी मी राउटर बंद-चालू केला तेव्हा नंबर नव्याने वाटले गेले. पाच नंबर प्रिंटरला मिळाला, मला सात. म्हणजे चार दिवस मी सगळ्या जगाला प्रिंटरकडे पाठवत होतो, आणि नेटवर घरोघर टकटक करत फिरणारे प्रोग्राम जे काही पाठवतील ते तो बिचारा इमानेइतबारे छापत होता. आत कोणीच नव्हतं; ते इंग्रजी वाक्यही कोणा भल्याने बाहेरूनच पाठवलेलं. मला तसा अंदाज होताच.

भाओजींनी सगळं बंद केलं. फक्त गेमचं पोर्ट उघडं ठेवलं आणि लॅपटॉपचा नंबर पक्का करून दिला. सहा जणांना शब्द दिलायस ना, म्हणाले. चष्मा आत आला!

ताई स्वयंपाकघरात भांडी आपटू लागली. कागद परवडले.

शनिवार, ८ मार्च.
कंपनीचा मेल आला. दुसरी फेरी सोमवारी, कृपया शांत जागेतून बोलावे. भाओजी हसले. ताईने मेल दोनदा मोठ्याने वाचला. दुसऱ्यांदा ‘शांत’वर थांबून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, सोमवार उजाडायच्या आत निघ. डबा भरून देते.

रविवार, ९ मार्च. संध्याकाळी ५.२५.
बस डेपो. लॅपटॉप ताईकडेच ठेवलाय, आणला असता तर सर्व्हर बंद पडला असता. मोबाइलवर हा गेम चालत नाही. चष्म्याचा मेसेज आला की सहाच्या सहा आत आलो, तू कुठायस? कळवलं, सर्व्हरवाल्याने खेळायचं नसतं, देखरेख करायची असते.

मावसभावाकडे उतरता येईल का विचारायला तीन फोन केले. कामात असेल. भीती वाटत नाहीये, ताईचा डबा उघडून बसलोय.

५.४०. चष्मा लिहितो की सातवा एक जण आलाय, नाव ‘भाओजी’. तुझ्यासाठी राखलेल्या जागेवर घर बांधायला घेतलंय त्याने. काढू का त्याला?

कळवलं, राहू दे.